सत्तावीस मीटरचे तीस

आमच्या हृदयविभागात एक माणूस होता. त्याला सगळे 'सहामिनिटे' म्हणत, जणू ते त्याचं आडनावच. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं, पण ते वाचायची वेळ कधी कुणावर आली नाही.

त्याचं काम सांगितलं की लोक हसत. रुग्णाला कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवायचं, तो किती मीटर चालला ते कागदावर लिहायचं आणि खाली सही करायची. बस्स. बावीस वर्षं त्याने हेच केलं आणि त्याला त्याचा केवढा अभिमान! मीही सुरुवातीला हसले होते. मी शेजारच्या खोलीत इकोच्या मशीनवर असे. माझ्याकडे पडदा होता, बटणं होती, हृदयाची हलती चित्रं होती. त्याच्याकडे दोन नारिंगी शंकू, एक स्टॉपवॉच आणि एक चाकांची खुर्ची.

हृदय कमजोर होतं म्हणजे ते धाडकन बंद पडत नाही. त्याचा जोर ओसरत जातो. रक्त पुढे ढकललं जात नाही, मग पाणी मागे साठतं, पायांत आणि फुप्फुसांत. माणूस दोन जिने चढून धापा टाकतो आणि म्हणतो, वय झालं. अशा माणसाचं हृदय किती साथ देतंय हे कळायला शंभर यंत्रं आहेत, पण त्याला सपाट जमिनीवर सहा मिनिटं चालायला सांगणं हा त्यातला सर्वांत साधा उपाय. शंकूपासून शंकूपर्यंत तीस मीटर. जायचं, वळायचं, यायचं. दम लागला तर थांबायचं. खेपा मोजायच्या, तिसाने गुणायचं आणि शेवटची अर्धवट खेप टेपने मोजून वर मिळवायची.

यात एक गंमत आहे. रुग्णाशी काय बोलायचं तेही ठरलेलं असतं. दर मिनिटाला एकच वाक्य, "छान चाललंय, अजून पाच मिनिटं राहिली," मग चार, मग तीन. आवाज चढवायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, बरोबर चालायचं नाही. कारण चढवलं की माणूस चढतो, आणि मग आपण त्याचं हृदय मोजत नाही, त्याची हौस मोजतो. सहामिनिटे ते वाक्य असं म्हणायचा की स्टेशनवरची सूचना परवडली. एकदा एक आजोबा चालताना रडायला लागले. हा गडी त्याच सुरात म्हणाला, "छान चाललंय, अजून दोन मिनिटं राहिली." मी त्याला नंतर झापलं. तो म्हणाला, "इकोबाई, मी आज त्यांना धीर दिला तर उद्या दुसऱ्याला का नाही? मग माझ्या आकड्याला काय अर्थ राहिला?" असा आकड्याला जपणारा.

आता मोठ्या सरांकडे वळते. वळावंच लागतं, कारण ते कॉरिडॉरच्या मधोमध उभे असायचे. विभागप्रमुख. हातात कधी स्टेथोस्कोप दिसला नाही, पण गळ्यात कायम. त्यांना संशोधन करायचं होतं. रुग्ण बरे करायचे हे त्यातलं एक कारण असेलही, मला दिसलं नाही. मला दिसायची ती परदेशातली परिषद, तिथलं व्यासपीठ आणि त्यावर उभे असलेले सर, कारण ते दिवसभर त्याचंच बोलायचे.

अभ्यास असा, की चौऱ्याऐंशी रुग्णांना एक नवी गोळी द्यायची, रोज वजन लिहायला वही द्यायची, आठवड्याला फोन करायचा आणि सहा महिन्यांनी सुधारणा बघायची. सुधारणा कुणाच्या तुलनेत? तर त्यांच्याच. गोळी न घेणारा दुसरा गट ठेवायचा तर रुग्ण दुप्पट लागतात, वेळ दुप्पट लागतो आणि परिषद काही सरांसाठी थांबत नाही. म्हणून आधी किती चालले, नंतर किती चालले, एवढ्यावर भागवलं. असल्या अभ्यासाला यांच्या आधीच्या विभागप्रमुखांनी दारात उभं केलं नसतं.

अभ्यासाची सगळी कागदपत्रं सांभाळायला एक बाई नेमल्या होत्या. आम्ही त्यांना फाइलवाली म्हणायचो. नियम म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. प्रत्येक यंत्रावर 'तपासले' असं स्टिकर हवं, तारखेसह. वजनकाट्यावर स्टिकर, रक्तदाबाच्या यंत्रावर स्टिकर, स्टॉपवॉचवर स्टिकर. माझ्या मशीनवर तर तीन. एकदा मी पाण्याच्या बाटलीवर गमतीने तारीख लिहिलेला कागद चिकटवला, तर त्यांनी थांबून त्यावरची तारीख वाचली.

चौऱ्याऐंशी जणांची पहिली चाल झाली आणि त्याच सुमारास सरांना कसलासा पुरस्कार मिळाला. तो ठेवायला काचेचं कपाट आलं. कपाट ठेवायला कॉरिडॉरचं टोक साफ केलं. फोटो काढायला कपाटासमोर दोन खुर्च्या आल्या. जुनी फरशी त्या कपाटाला शोभेना, म्हणून नवी गुळगुळीत फरशी घातली. शंकू ठेवायच्या जुन्या खुणा अर्थातच गेल्या. सहामिनिटे त्या चार दिवसांत तापाने घरी होता. तो परत आला तेव्हा नव्या फरशीवर दोन टोकांना दोन नव्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. त्याने फाइलवालीला विचारलं, "मोजलंय ना?"

"मोजलंय की. काम करणाऱ्यांनी मोजलंय," ती म्हणाली.

बावीस वर्षांत त्याने दुसऱ्याचा शब्द प्रमाण मानला तो तेवढा एकदाच.

सहा महिन्यांनी दुसऱ्या चाली सुरू झाल्या आणि विभागात आनंदीआनंद. जो येतो तो आधीपेक्षा जास्त चालतो! सरासरी तीनशे दहा मीटरवरून तीनशे चव्वेचाळीस. सरांचे पाय जमिनीला लागेनात. माझ्या पडद्यावर मात्र काहीच बदललं नव्हतं. हृदय दर ठोक्याला जेवढं रक्त आधी ढकलत होतं, तेवढंच आताही. हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची चाचणीही होती तिथेच. मी एकदा सरांना तसं म्हटलं. ते हसले. त्यांचं ते हसू अजून माझ्या डोक्यात जातं.

"इको काय हो, बघणाऱ्याच्या नजरेवर असतो. चालणं खोटं बोलत नाही."

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की ते परिषदेच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांत गेलं. आणि मी काय केलं? मी मूग गिळून गप्प बसले. उगाच दुसऱ्यांनाच नावं ठेवते असं नको व्हायला.

त्या चौऱ्याऐंशी जणांत एक बाई होत्या. साठी उलटलेली, बारीक चणीच्या, इस्त्रीच्या कारखान्यात तीस वर्षं उभं राहून काम केलेल्या. त्या माझ्या टेबलावर आडव्या झाल्या की आधी माफी मागायच्या, "तुम्हाला त्रास देते हो." त्या सहामिनिट्याची सख्खी थोरली बहीण आहेत, हे मला कितीतरी उशिरा कळलं. आडनावं वेगळी. आईबाप गेले तेव्हा हा सात वर्षांचा होता, ही अठराची. हिने त्याला वाढवलं, शिकवलं, या नोकरीचा अर्ज हिनेच भरला. पुढे तिचं लग्न झालं, नवरा गेला, ती परत भावाकडे आली. दोघं दुसऱ्या मजल्यावर राहायची.

जवळच्या नात्यातल्या रुग्णाची चाचणी आपण घ्यायची नाही, असा नियम आहे. सहामिनिट्याला तो पाठ होता. पण तपासणी, दर आठवड्याला फोन, नवं औषध, हे सगळं ताईला मिळेल, आणि चालवणारा विभागात दुसरा कुणी नाहीच, म्हणून हा शहाणा चूप राहिला. नियमांचा एवढा टेंभा मिरवणारा माणूस, आणि घरच्यापाशी आला की झाला सगळ्यांसारखाच.

ताईची पहिली चाल दोनशे सत्तर मीटर. दुसरी दोनशे ब्याऐंशी. बारा मीटर वाढले. सरांच्या अभ्यासात असं होतं, की ज्याचं चालणं सुधारलं त्याची अंगातलं पाणी उतरवणारी आधीची लघवीची गोळी निम्मी करायची. म्हणजे नव्या औषधाची थोरवी आणखी उठून दिसते. ताईची गोळी निम्मी झाली. तीन आठवड्यांत वजन अडीच किलो वाढलं. वहीत ते तिने तिच्या नेटक्या अक्षरात रोज लिहिलं होतं. सरांनी वही बघितली आणि म्हणाले, "वा! भूक सुधारली!"

भूक. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता, आणि म्हणे भूक.

एका दुपारी सहामिनिटे माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं.

"इकोबाई, माझ्या घराला चौतीस पायऱ्या आहेत. ताई आधी मधल्या वळणावर एकदा थांबायची. आता तीनदा बसते. एका उशीवर झोपायची, आता तीन लागतात. आणि माझ्या कागदावर ती बारा मीटर वाढली आहे."

"मग?"

"मग दोनातलं एक खोटं आहे. पायऱ्या मी मोजल्यात. उश्या मी मोजल्यात. मीटरही मीच मोजलेत."

मी म्हटलं, "अरे, खेपा तू मोजल्यास. मीटर कुणी मोजले?"

तो उठला आणि देखभालवाल्यांकडून गवंड्याची लोखंडी टेप घेऊन आला. जेवणाची सुट्टी होती, कॉरिडॉर रिकामा होता. एका पट्टीवर मी टेपचं टोक धरून बसले. पन्नाशी ओलांडलेली, गुडघे दुखणारी बाई, जमिनीवर. तो टेप सोडत दुसऱ्या पट्टीपर्यंत गेला, वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"किती?" मी ओरडले.

मी उठून गेले. सत्तावीस मीटर. आम्ही तीनदा मोजलं. कपाट, खुर्च्या आणि फोटोसाठी मोकळी जागा, असे सरांच्या पुरस्काराने तीन मीटर खाल्ले होते. ज्याने पट्टी चिकटवली त्याने कपाटासमोर जिथे जागा दिसली तिथे चिकटवली. स्टॉपवॉचवर स्टिकर होतं, काट्यावर होतं, माझ्या मशीनवर तीन होती. जमिनीवर नव्हतं. जमीन काय, कुठे जाणार आहे!

त्याने खिशातून पेन काढलं आणि हाताच्या पंजावर हिशेब मांडला. तीनशे चव्वेचाळीसला तिसाने भागलं, सत्तावीसने गुणलं. उत्तर आलं तीनशे दहा, म्हणजे जिथून निघालो तिथेच. गोळीने चौऱ्याऐंशी माणसांचं काहीही भलं केलं नव्हतं, सगळं भलं फरशीने केलं होतं. मग त्याने ताईचा आकडा मांडला. नऊ खेपा आणि वर बारा मीटर. दोनशे पंचावन्न. ती वाढली नव्हती, पंधरा मीटर घटली होती, आणि आम्ही तिचं औषध निम्मं करून ठेवलं होतं.

"माझी सही आहे, इकोबाई," तो म्हणाला. "सगळ्यांवर माझीच सही आहे." मला त्याची दया आली आणि रागही आला, आणि राग कुणाचा हे मला त्या क्षणी ठरवता येईना.

आम्ही दोघं सरांकडे गेलो. परिषदेला आठ दिवस होते. फाइलवाली तिथेच बसून पोस्टर तपासत होती. सहामिनिट्याने सगळं सांगितलं, त्याच सपाट सुरात. सरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"सत्तावीस काय नि तीस काय! रुग्णांना बरं वाटतंय ना?"

"त्यांना बरं वाटतंय कारण आपण त्यांना सांगतो की तुम्ही जास्त चाललात," मी म्हटलं.

"तुम्ही तुमच्या मशीनचं बघा." मग त्याच्याकडे वळून, "आणि तुम्ही. कागदांवर सही कुणाची आहे? चूक निघाली तर ती तुमची निघेल. परिषदेनंतर बघू."

"सर, तोवर थांबता येणार नाही. ताईची गोळी निम्मी केली आहे."

"कोण ताई?"

झालं. त्याच्या तोंडून निघून गेलं होतं. सरांना कळायला दोन क्षण लागले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला किळस आली.

"म्हणजे सख्ख्या बहिणीची चाचणी तुम्ही घेतलीत? लपवून? अहो, हे तर सरळसरळ नियमबाह्य आहे! आणि तुम्ही मला नियम शिकवायला आलात?"

मला वाटलं, संपलं, आता हा माफी मागणार आणि आपण खाली मान घालून परत जाणार. पण तो म्हणाला, "हो सर. नियमबाह्य आहे. मग ती चाचणी रद्द करा."

सरांनी तोंड उघडलं, पण त्याआधी कोपऱ्यातून फाइलवालीचा आवाज आला. तिने मान वर केली नव्हती.

"रद्द चाचणी सात दिवसांत पुन्हा घ्यावी लागते. त्रयस्थ माणसाने. तोवर त्या चाचणीवरून बदललेलं औषध पूर्ववत. फॉर्म बावीस." आणि ड्रॉवरमधून तिने तो काढलासुद्धा. "आणि मार्गाची लांबी लिहायला इथे रकाना आहे. तो यापूर्वी कुणी भरलेला दिसत नाही." पानं उलटता उलटता ती थबकली. "मीही नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

पुढे परिषदेचं काय झालं ते आत्ताच सांगून मोकळी होते, कारण ते तेवढ्याच लायकीचं आहे. सहामिनिट्याने अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला स्वतःविरुद्धच दोन पानी पत्र लिहिलं, खाली मीही सही केली. पोस्टर मागे घ्यावं लागलं. सर गेलेच परिषदेला. तिथे त्यांनी 'मोजमापातल्या चुका आम्ही कशा पकडल्या' यावर भाषण ठोकलं आणि टाळ्या घेऊन आले. आता कपाटात दोन पुरस्कार आहेत. सहामिनिट्याची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली, तळघरात, नात्यातल्या रुग्णाची चाचणी घेतल्याबद्दल. नियम म्हणजे नियम.

पण त्याआधी ताईची ती चाल झाली, आणि मला सांगायचंय ते हेच.

चौथ्या दिवशी सकाळी मी शंकू मांडले. आदल्या दिवशी सहामिनिट्याने तीस मीटर मोजून नवी पट्टी मारली होती. कपाटाच्या टोकाला जागा नव्हती, म्हणून त्याने कपाटाचं काही न करता समोरच्या टोकाची पट्टी मागे सरकवली, थेट सामानाच्या खोलीच्या दारापर्यंत. इतका साधा उपाय. गोळी पूर्ववत करून तीन दिवस झाले होते, पण तेवढ्याने ते पाणी उतरणारं नव्हतं. तो त्या सामानाच्या खोलीत गेला आणि दार ओढून घेतलं. ताईला तो दिसता कामा नये, असं त्यानेच ठरवलं होतं.

"धाकटा नाही का आज?" ताईने विचारलं.

"आज मी आहे."

ती चालायला लागली. मी ते ठरलेलं वाक्य म्हटलं, "छान चाललंय, अजून पाच मिनिटं राहिली." पहिल्या दोन खेपा तिने रेटल्या. वळताना ती दर वेळी मान वर करून शोधत होती, तो कुठे दिसतो का. तिसऱ्या खेपेला तिने शोधणं सोडलं, आणि तिची चाल बदललीच. खांदे खाली आले. पाय उचलायचे थांबून घासायला लागले. सहाव्या खेपेनंतर तिने भिंतीला हात टेकला. सातवी तिने अर्ध्यावर सोडली. चार मिनिटं झाली होती. मी खुर्ची पुढे केली आणि ती बसली. ओठ निळसर झाले होते. आधीच्या दोन्ही चालींत त्याने पुढे केलेली खुर्ची तिने एकदाही घेतली नव्हती.

मी अर्धवट खेप मोजली आणि सामानाच्या खोलीचं दार उघडलं. तो बाहेर आला. माझ्या हातातला कागद त्याने वाचला. मग तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तिची पावलं हातात घेतली, सुजलेली, चपलेचे वळ उठलेली.

"किती झालं रे?" ताईने विचारलं. मागच्या वेळीही आधी तिनेच विचारलं होतं आणि तो आकडा सांगून म्हणाला होता, वाढलं गं ताई.

"एकशे अठ्ठ्याण्णव."

"कमी झालं."

"हो. खूप कमी झालं."

ती जरा वेळ दम घेत राहिली. मला वाटलं, आता ही माफी मागणार.

"बरं झालं," ती म्हणाली. "तू समोर उभा राहून इतका खूश व्हायचास, की मला धापसुद्धा टाकता येईना. आता मला आजारी पडू दे."

मी धावत जाऊन पलंग मागवला.